रसायन सांडल्यावर कोण काय तपासतं? पुण्याच्या औद्योगिक पट्ट्याची पार्श्वभूमी

टँकरने रात्रीतून ओढ्यात काहीतरी सोडलं, पवना नदी फेसाळली किंवा एखाद्या बोअरला पिवळसर पाणी लागलं, की बातमीचा शेवट ठरलेला असतो: ‘पाण्याचे नमुने तपासणीसाठी पाठवले आहेत.’ ते पाणी पिणाऱ्यांचं रक्त-लघवी तपासल्याचं मात्र क्वचितच वाचायला मिळतं. याचं कारण आपले कायदे कोणत्या क्रमाने आले, त्यात सापडतं.

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली उभी राहिली. १९६२ मध्ये एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाली आणि भोसरी-चिंचवडची माळरानं कारखान्यांनी भरत गेली. पुढे कुरकुंभ, रांजणगाव, चाकण. जलप्रदूषणाचा कायदा महाराष्ट्राने १९६९ मध्येच केला, केंद्राच्या कायद्याआधी पाच वर्षं. प्रदूषण मंडळ १९७० पासून आहे. कौतुक करावं असंच हे आहे. पण त्या कायद्याची नजर कारखान्याच्या पाइपवर होती: बाहेर पडणाऱ्या पाण्याचा सामू (आम्लता), बीओडी, सीओडी (पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाते, याची मापं) मर्यादेत आहे का? पाइपच्या पुढे कोण राहतं, हा प्रश्न त्यात मुख्य नव्हता.

तो प्रश्न भोपाळने, डिसेंबर १९८४ मध्ये, समोर आणला. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, १९८९ चे घातक कचऱ्याचे नियम, १९९६ चे रासायनिक अपघातांचे नियम हे सगळं त्यानंतरचं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालचा जिल्हा संकट गट १९९६ च्या नियमांतूनच आला. मात्र या यंत्रणेच्या डोळ्यांपुढे वायुगळती, स्फोट, आग होती. सायरन वाजवा, वस्ती हलवा. जमिनीत मुरत जाणाऱ्या रसायनाला सायरन नसतो.

आरोग्याची जोखीम मोजण्याची पद्धत तर तेव्हाही तयार होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९८३ मध्ये तिच्या चार पायऱ्या मांडल्या: पदार्थ घातक आहे का, किती मात्रेला काय होतं, लोकांच्या शरीरात किती जातो, आणि या तिन्हींवरून एकूण धोका किती. प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवण्याच्या, कामातलं क्रोमियम घ्या. पहिल्या दोन पायऱ्यांची माहिती पुस्तकात मिळते. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरला ०.०५ मिलीग्रॅमपर्यंत चालतं, हे भारतीय मानक सांगतं. अडतं ते तिसऱ्या पायरीवर. कोणत्या विहिरीचं पाणी कोण पितं, जनावरं कुठे पाजतात, भाजीला कुठलं पाणी जातं, हे दारोदार फिरून विचारावं लागतं. त्यात आपला बेसाल्ट, म्हणजे काळा कातळ. इथे पाणी खडकातल्या भेगांतून वाहतं, त्यामुळे एक विहीर बिघडते आणि शेजारची चांगली राहते. दोन नमुन्यांवरून ‘गावचं पाणी सुरक्षित’ म्हणणं मला तरी धाडसाचं वाटतं.

शिवाय सांडण्याआधीची पातळी माहीत असावी लागते. ती नसली की ‘हे आधीपासूनच होतं’ एवढं म्हणून कोणालाही सुटता येतं. कामंही विभागलेली: सांडपाणी प्रदूषण मंडळाकडे, भूजल भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे, कामगारांची सुरक्षा वेगळ्या संचालनालयाकडे, रुग्ण आरोग्य खात्याकडे. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता परिसरात गीयाँ-बारे (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा पाण्याचे आणि रुग्णांचे नमुने एकाच वेळी तपासले गेले, कारण लोक डोळ्यांदेखत दवाखान्यात भरती होत होते. क्रोमियमसारखे जड धातू अशी घाई करत नाहीत. वर्षांनी मूत्रपिंडाचा त्रास घेऊन आलेल्या माणसाला डॉक्टर विहीर कुठली, हे बहुधा विचारत नाहीत.

आणखी एक गोष्ट भूगोलाची. पुणे मुख्यतः खडकवासल्याचं पाणी पितं, पिंपरी-चिंचवड मुख्यतः रावेतला उचललेलं पवनेचं. दोन्ही ठिकाणं बहुतेक कारखान्यांच्या वरच्या अंगाला आहेत. शहराचं सांडपाणी मुळा-मुठा आणि इंद्रायणीवाटे भीमेत जातं, दौंड-इंदापूरकडून उजनी धरणात पोहोचतं, आणि उजनीचं पाणी सोलापूर पितं. आळंदीला इंद्रायणीवर आलेला फेस वारीच्या तोंडावर सगळ्यांना दिसतो, बैठका होतात. धातू मात्र बरेचसे गाळाला चिकटून तळाशी बसतात, त्यामुळे फेस ओसरल्यावर घेतलेल्या पाण्याच्या बाटलीत ते सापडतीलच असं नाही. त्यासाठी गाळच उपसून तपासावा लागतो.