सोडायचं असतं, पण सुटत नाही

गरीब माणसाला तंबाखू सोडायचीच नसते, असं सर्रास बोललं जातं. अनेक देशांतल्या पाहण्यांत मात्र वेगळं दिसतं. सोडायचा प्रयत्न गरीब आणि सुखवस्तू जवळपास सारखाच करतात, यश मात्र गरिबांच्या पदरात कमी पडतं.

तंबाखूच्या धुरातलं निकोटिन १० ते २० सेकंदांत मेंदूत पोचतं आणि डोपामाइन हे सुखाची जाणीव देणारं रसायन स्रवायला लावतं. साधारण दोन तासांत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. मग चिडचिड, अस्वस्थता, तलफ. पुढच्या झुरक्याने ती शमते आणि ताण गेल्यासारखं वाटतं. खरं तर त्यातला बराचसा ताण तंबाखूनेच आणलेला असतो. निकोटिन भूकही मारतं. ज्याच्या जेवणाची वेळ नक्की नाही आणि ज्याच्या आसपास सगळेच तंबाखू ओढतात किंवा चघळतात, त्याला नुसता उपदेश करून काय होणार?

धूर नाही म्हणजे धोका नाही, हाही गैरसमजच. निकोटिन व्यसन लावतं. चघळायच्या तंबाखूत कॅन्सर घडवतात ती मुख्यतः नायट्रोसामाइन्स नावाची रसायनं, आणि ती पान वाळवताना, मुरवतानाच तयार होतात.

तंबाखू सोडताना तलफ शमवायला दिलं जाणारं निकोटिनचं च्युइंगम २००९पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. पण ते नुसतं चघळत राहिलं तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं आणि फुकट जातं. चुणचुण जाणवेपर्यंत हळू चावायचं, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं. कॉफी किंवा आंबट पेय लगेच आधी घेतलं तर निकोटिन नीट शोषलं जात नाही. हे समजावून सांगायला पाच मिनिटं लागतात. गर्दीच्या दवाखान्यात नेमकी तीच नसतात.

तंबाखू सोडवायचं आणखी एक औषध म्हणजे सायटिसिन. लॅबर्नम या झाडाच्या बियांतलं हे रसायन मेंदूत निकोटिन जिथे चिकटतं त्याच जागांवर, म्हणजे ग्राहींवर बसतं, पण निकोटिनपेक्षा सौम्य परिणाम करतं. बल्गेरियात त्याच्या गोळ्या १९६०च्या दशकापासून मिळतात. न्यूझीलंडमध्ये तिथले मूळ रहिवासी माओरी लोक आणि त्यांच्या कुटुंबीयांवर झालेल्या, २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते व्हॅरेनिक्लिन या तंबाखू सोडवायच्या महागड्या औषधाइतकं तरी परिणामकारक ठरलं, दुष्परिणामही कमी. इतकं जुनं औषध बहुतेक देशांत पोचलेलंच नाही, याचं आश्चर्य वाटतं.

कर लावून तंबाखूची किंमत १० टक्के वाढली की कमी उत्पन्नाच्या देशांत खप सुमारे ५ टक्क्यांनी घटतो, गरिबांत जास्तच. तरी ज्याची तंबाखू सुटत नाही, त्याच्या खिशाला कात्री लागतेच. म्हणून त्या करातली काही रक्कम याच गोळ्यांवर आणि त्या पाच मिनिटांवर खर्च व्हायला हवी.