दातांची सदोष जुळणी

तोंड मिटल्यावर वरच्या आणि खालच्या जबड्यांतील दात एकमेकांवर नीट न बसणे म्हणजे दातांची सदोष जुळणी. दंतवैद्यकात तिला मॅलऑक्लुजन म्हणतात. घरात बोलताना हेच ‘दात पुढे आहेत’, ‘दातावर दात आलाय’, ‘खालचा जबडा पुढे आहे’ अशा शब्दांत येते. दोष एखाद्याच दाताचा असतो, कधी सगळ्या दंतपंक्तीचा, तर कधी दात सरळ असूनही खालची-वरची हाडेच कमीजास्त वाढलेली असतात. आरशात फक्त पुढचे सहा-आठ दात दिसतात, त्यामुळे पालकांचे सारे लक्ष त्यांच्याकडे जाते. खरी जुळणी मात्र मागे, दाढांपाशी ठरते.

नैसर्गिक जुळणीत वरच्या दातांची कमान खालच्या कमानीपेक्षा किंचित मोठी असते आणि डब्याच्या झाकणासारखी तिच्यावर सगळीकडून बसते. वरचे पटाशीचे दात खालच्यांच्या दोन-तीन मिलिमीटर पुढे राहतात आणि त्यांचा साधारण एक तृतीयांश भाग झाकतात. बहुतेक प्रत्येक दात समोरच्या जबड्यातील दोन दातांना टेकतो. खालचे मधले दोन पटाशीचे दात आणि वरची शेवटची दाढ एवढेच याला अपवाद. या रचनेमुळे चावण्याचा भार वाटला जातो आणि एकाच दातावर सगळा जोर येत नाही.

दोषांचे आजही वापरात असलेले वर्गीकरण अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल (१८५५–१९३०) यांनी १८९९ साली मांडले. त्यांनी वरची पहिली कायमची दाढ प्रमाण धरली. तिचे बाहेरच्या बाजूचे पुढचे टोक खालच्या पहिल्या दाढेच्या बाहेरील खाचेत बसले, तर दाढांचे नाते बरोबर. हे नाते बरोबर असूनही पुढचे दात गर्दी करून वाकडे आले असतील तर तो पहिला वर्ग, आणि सर्वांत जास्त रुग्ण याच वर्गात असतात. खालची दाढ मागे राहिली असेल तर दुसरा वर्ग. त्यात दोन पोटप्रकार आहेत: वरचे दात पुढे झुकलेले, किंवा मधले दोन आत वळून खालच्यांना जवळजवळ पूर्ण झाकणारे. खालची दाढ पुढे गेली तर तिसरा वर्ग. स्पेनचा राजा दुसरा चार्ल्स आणि त्याच्या हाब्सबुर्ग घराण्यातील इतर राजांच्या चित्रांत दिसणारी पुढे आलेली हनुवटी या तिसऱ्या वर्गाचे प्रसिद्ध उदाहरण आहे.

अँगल यांची पद्धत सोपी आहे म्हणून टिकली, पण ती फक्त पुढे-मागे मोजते. वरच्या दाढा खालच्यांच्या आत पडणे (क्रॉसबाइट), दाढा टेकल्यावरही पुढच्या दातांत फट राहणे (ओपन बाइट), खालचे दात टाळूला टोचतील इतका चावा खोल असणे (डीप बाइट) हे दोष त्या तीन वर्गांत मावत नाहीत. ते वेगळे नोंदवावे लागतात.

कारणांत आनुवंशिकता मोठी आहे. तिसऱ्या वर्गाचा जबडा घराण्यात उतरताना स्पष्ट दिसतो. दातांचे आकारमान आणि जबड्याची लांबी-रुंदी यांचा मेळ न बसला की गर्दी होते. ऑस्ट्रेलियातील दंतवैद्य रेमंड बेग यांनी तेथील आदिवासींच्या कवट्या अभ्यासून १९५४ साली मांडले, की खरखरीत अन्न चावून दात वरून आणि एकमेकांना टेकतात त्या बाजूंनीही झिजत, त्यामुळे कमानीत आपोआप जागा होई. मऊ शिजवलेल्या अन्नावर वाढणाऱ्या माणसाला ती जागा मिळत नाही. सगळ्या गर्दीचे स्पष्टीकरण यातून मिळत नाही, तरी आहार आणि जबडा यांचा संबंध त्यांनी ठामपणे पुढे आणला.

सवयींचाही वाटा असतो. तीन-चार वर्षांपर्यंत अंगठा चोखणे चिंतेचे नसते. कायमचे दात यायला लागल्यावरही सवय सुरूच राहिली तर वरचे दात पुढे येतात, खालचे आत ढकलले जातात आणि मधे अंगठ्याच्या मापाची फट राहते. नाकाच्या मागच्या बाजूची अ‍ॅडिनॉइड ग्रंथी वाढल्यामुळे किंवा नाक सतत चोंदल्यामुळे मूल तोंडाने श्वास घेऊ लागले की जीभ टाळूला टेकत नाही. जिभेचा आधार गेला की गालांचा दाब वरचढ ठरतो आणि वरचा जबडा अरुंद होत जातो. अशा मुलाला आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्यायला हवे. श्वासाचा मार्ग मोकळा न करता तारा बसवणे अर्धवट काम आहे. दुभंगलेला ओठ वा टाळू घेऊन जन्मलेल्या मुलांत वरची कमान बहुधा आत आलेली असते आणि उपचार वर्षानुवर्षे टप्प्याटप्प्याने करावे लागतात.

आपल्याकडे सर्वाधिक टाळता येण्याजोगे कारण मात्र ‘दुधाचाच दात आहे, पडणारच’ या समजुतीत आहे. पटाशीचे दुधाचे दात सहा-सातव्या वर्षी पडू लागतात, हे खरे. पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. त्यांच्याखाली कायमच्या उपदाढा तयार होत असतात आणि त्यांची जागा या दाढाच राखतात. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे पहिली कायमची दाढ येते. ती कोणताही दात न पडता येते, त्यामुळे घरच्यांना कळतही नाही आणि किडली तरी ती दुधाचीच धरून दुर्लक्ष होते. दुधाची दाढ किडून वेळेआधी काढावी लागली की ही सहा वर्षांची दाढ पुढे सरकते आणि उपदाढेची जागा खाऊन टाकते. उपदाढ मग हाडातच अडकते किंवा कमानीबाहेर येते. दुधाच्या दाढेत वेळेवर भरलेले सिमेंट, किंवा दाढ काढावीच लागली तर तिथे बसवलेली जागा राखणारी तारेची कडी, यांनी पुढची वर्षा-दोन वर्षांची ट्रीटमेंट वाचू शकते. सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडात टॉर्च धरून मागची नवी दाढ बघणे हे घरी सहज जमण्यासारखे काम आहे.

याउलट एक गोष्ट उगाच घाबरवते. सात-आठ ते अकरा-बारा या वयात वरचे पुढचे दात फाकलेले आणि मधे फट असलेले दिसतात. वर हाडात सुळे त्यांच्या मुळांना रेटत खाली येत असतात, म्हणून असे होते. सुळे उतरल्यावर ही फट बहुतेक मुलांत आपोआप मिटते. ती घाईने तारेने मिटवणे चुकीचे, आणि दातांभोवती साधा रबर बँड गुंडाळणे तर घातक. दात मुळाकडे निमुळता असल्याने रबर हिरडीखाली सरकत जातो, हाड नष्ट करतो आणि चांगले दात हलू लागून गमवावे लागतात.

दोष तसाच राहिल्यास परिणाम दिसण्यापुरते मर्यादित नसतात. गर्दीच्या दातांत ब्रश पोहोचत नाही, म्हणून हिरड्या सुजतात. पुढे आलेले दात शाळेच्या मैदानावर पडल्या-धडकल्यावर आधी तुटतात. खोल चाव्यात टाळूला जखमा होतात. उघड्या चाव्यात पोळीचा तुकडा पुढच्या दातांनी तोडता येत नाही आणि काही उच्चार सुटतात. वर्गात दातांवरून नाव पडलेले मूल हसताना तोंडावर हात ठेवायला शिकते. हाही आरोग्याचाच प्रश्न आहे आणि उपचाराचे पुरेसे कारण आहे. जबड्याच्या सांध्याच्या प्रत्येक दुखण्याला किंवा डोकेदुखीला मात्र चावा जबाबदार नसतो. अक्कलदाढा ढकलतात म्हणून पुढचे दात वाकडे होतात, या लोकप्रिय समजुतीलाही अभ्यासांचा भक्कम आधार मिळालेला नाही.

तपासणीत दातांचे साचे किंवा स्कॅन, छायाचित्रे, सर्व दात एकत्र दाखवणारा एक्स-रे (ओपीजी) आणि डोक्याचा बाजूने घेतलेला सेफॅलोग्राम असतो. सेफॅलोग्रामचे प्रमाणित तंत्र १९३१ साली अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफराथ यांनी स्वतंत्रपणे मांडले. त्यामुळे दात पुढे आहेत की जबडाच पुढे आहे, हे मोजून सांगता येऊ लागले. पुढचे सारे नियोजन या एका प्रश्नाच्या उत्तरावर उभे राहते.

दात सरकतो कसा? मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. दाताला सतत हलका दाब दिला की ज्या बाजूला हा थर दबतो तिथे हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात आणि ज्या बाजूला तो ताणला जातो तिथे नवे हाड भरणाऱ्या. दात हाडातून ओढला जात नाही, त्याच्याभोवतीचे हाडच मागून-पुढून नव्याने रचले जाते. दाब जास्त झाला तर थरातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद पडतात, तिथला भाग निर्जीव होतो आणि दात अडून बसतो. म्हणून महिन्याला साधारण एक मिलिमीटर हीच वाजवी गती. ‘डॉक्टर, जरा जोरात आवळा, लवकर संपवा’ ही विनंती ऐकण्यासारखी नसते. अति जोराने मुळे आखूड होण्याचा धोका वाढतो.

उपचाराचा काळ वयावर ठरतो. अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडाँटिस्ट्स ही दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांची संस्था पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत करायला सांगते. त्या वयात उपचार क्वचितच सुरू होतात, पण वाढ वळवण्याची संधी तेव्हापासून दिसू लागते. वरची कमान अरुंद असेल तर टाळूत स्क्रू असलेले साधन बसवून मधला सांधा हळूहळू उघडता येतो. घरी आई किंवा बाबा किल्लीने तो स्क्रू पाव फेरा फिरवतात, आणि काही दिवसांत पुढच्या दोन दातांत फट पडलेली दिसते. ती फट म्हणजे सांधा उघडल्याची खूण. वरचा जबडा मागे असेल तर कपाळ-हनुवटीवर टेकणारा फेस मास्क दहा वर्षांच्या आत जास्त उपयोगी पडतो. खालचा जबडा मागे असेल तर तो पुढे धरायला लावणारी साधने वयात येतानाच्या वाढीच्या झपाट्यात वापरतात. त्यांपैकी ट्विन ब्लॉक हे स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ साली पुढे आणले. मुलींत हा झपाटा मुलांच्या सुमारे दोन वर्षे आधी येतो. आपल्याकडे अनेक घरांत दातांचा विचार मुलीचे लग्न ठरवताना सुरू होतो. तोवर दात सरळ करता येतात, पण जबड्याची वाढ वळवण्याची वेळ निघून गेलेली असते.

कायमचे दात आल्यावर स्थिर तारा म्हणजे ब्रेसेस. आयताकृती तार चौकोनी खाचेत बसवून दाताचे मूळही वळवण्याची युक्ती अँगल यांनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत काढली. लॉरेन्स अँड्र्यूज यांनी १२० नैसर्गिकरीत्या उत्तम जुळलेल्या साच्यांचा अभ्यास करून १९७२ साली चांगल्या जुळणीची सहा लक्षणे सांगितली, आणि प्रत्येक दाताचा कल त्याच्या ब्रॅकेटमध्येच, म्हणजे तार धरणाऱ्या खाचेच्या छोट्या तुकड्यातच, कोरला. पूर्वी प्रत्येक दाताभोवती पोलादी पट्टा चढवत. मायकल बुओनोकोर यांनी १९५५ साली आम्लाने दाताचे कवच किंचित खरखरीत करून त्यावर द्रव्य चिकटवण्याची रीत दाखवली, त्यानंतर पट्टे हळूहळू मागच्या दाढांपुरते उरले. आज खुर्चीत बसल्यावर दातावर निळसर जेल लावतात, काही सेकंदांनी धुऊन वाळवतात. तेवढा भाग खडूसारखा पांढरा दिसू लागला की ब्रॅकेट लावायला तो तयार. सुरुवातीची तार निकेल-टायटॅनियमची असते. ती वाकवली तरी मूळ आकाराकडे परतते आणि त्या परतण्याचा हलका जोर दातांवर टिकतो.

दात काढायचे की नाही, हा या शास्त्रातला जुना वाद. अँगल एकही दात काढण्याच्या विरोधात होते. १९११ साली कॅल्व्हिन केस यांनी त्यांच्या मताला जाहीर आव्हान दिले. पुढे अँगल यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी दात न काढता उपचार केलेले, पण पुन्हा बिघडलेले रुग्ण चार उपदाढा काढून परत बरे करून दाखवले. आज उत्तर एकच नाही. जागा किती कमी आहे आणि ओठ किती पुढे आहेत ते पाहून ठरते. चांगला दात काढताना पालकांचा जीव खालीवर होतो, ते स्वाभाविक आहे. डॉक्टरांनी साच्यावर मोजमाप दाखवून कारण सांगावे, हा पालकांचा हक्क आहे.

दातांवर चढवायचे पारदर्शक प्लास्टिकचे साचे, म्हणजे अलाइनर, अमेरिकेत १९९७ साली स्थापन झालेल्या कंपनीने लोकप्रिय केले. दिवसाचे २०–२२ तास लावल्यासच ते काम करतात. ठसा घरी घेऊन टपालाने पाठवलेले अलाइनर टाळावेत, कारण एक्स-रे आणि हिरड्या न पाहता दात सरकवणे धोक्याचे आहे. जबड्यांतला फरक फार मोठा असेल तर वाढ थांबल्यावर तारा आणि शस्त्रक्रिया एकत्र करतात. दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाने बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीनंतर तीन वर्षांचे एमडीएस हे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले असते. मुंबईचे नायर दंत महाविद्यालय तसेच मुंबई आणि नागपूरची शासकीय दंत महाविद्यालये येथे हे उपचार खासगी दवाखान्यापेक्षा बऱ्याच कमी खर्चात मिळतात. मात्र तिथे वेळ आणि हेलपाटे जास्त लागतात.

तारा असताना चिक्की, उसाचे कांडे, अख्खा पेरू, भाजलेले कणीस दूर ठेवावे लागते. पेरू फोडी करून चालतो. प्रत्येक खाण्यानंतर ब्रश केला नाही, तर तारा निघाल्यावर ब्रॅकेटभोवती पांढरे डाग उरतात आणि ते पूर्ण जात नाहीत. तारा काढल्यानंतर दात नव्या जागी धरून ठेवणारे रिटेनर लावायचे असते. नवे हाड घट्ट व्हायला महिने लागतात आणि हिरडीतले तंतू तर वर्षभर दाताला जुन्या जागी ओढत राहतात. प्लास्टिक आणि तारेचे, काढता-घालता येणारे रिटेनर चार्ल्स हॉली यांच्या नावाने ओळखले जाते. दुसरा प्रकार म्हणजे खालच्या पुढच्या दातांच्या आतून चिकटवलेली बारीक तार. रिटेनर हरवले तर त्याच आठवड्यात नवे करून घ्यावे, कारण सुरुवातीच्या महिन्यांत थोड्या दिवसांच्या खंडानेही जुने घट्ट होऊन बसेनासे होते.