शोषखड्डा खचतो तो काळ्या मातीमुळे

पहिला मोठा पाऊस झाला की मराठवाड्यात कुणाच्या ना कुणाच्या परसातला जुना शोषखड्डा, म्हणजे सांडपाणी जमिनीत जिरवायचा खड्डा, खचतोच. मग कोपरा चुकला, वास्तुदोष आहे, असली कुजबुज सुरू होते. दिशेचा इथे काडीचा संबंध नाही. दोष शोधायचा तर मातीत शोधावा.

आपल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे थर जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचे, एकावर एक रचलेले, पुस्तकाच्या पानांसारखे. थरांवर ऋण विद्युतभार असतो आणि मधले धन आयन, म्हणजे धन भाराचे कण, त्यांना धरून ठेवतात. पाणी आत शिरलं की थर दूर सरकतात, माती फुगते; उन्हाळ्यात पाणी गेलं की आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दोन धन भारांचा कॅल्शियम आयन थरांना घट्ट बांधतो, एकाच भाराच्या सोडियमला ते जमत नाही. आणि न्हाणीतून, मोरीतून काय येतं? कपडे धुण्याच्या पावडरीतला सोडियम! तो कॅल्शियमची जागा घेतो, मातीचे कण सुटे होतात आणि पाणी जिरण्याच्या वाटा बुजवतात. वर साबणाचा मेणचट थर आणि जिवाणूंचा बुळबुळीत लेप बसतो. खड्डा तुंबतो. पुढे भेगांतून वाहून आलेली माती दगडांमधल्या पोकळ्यांत उतरते, बाजूला पोकळी होते आणि पावसाच्या पाण्याने जड झालेली वरची जमीन खाली बसते. तुंबल्यावर टाकायच्या 'जादुई' जिवाणू पावडरीने चिकणमाती काही पाझरू लागत नाही.

म्हणून नवा खड्डा जुन्याच जागी घेऊ नये. थोडं दूर, काळी माती ओलांडून मुरूम लागेपर्यंत खणावं. मुरूम म्हणजे झिजलेला बेसाल्ट. तो फुगत नाही, पाणी पिऊन घेतो. मधे भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती खाली मोठे आणि वर लहान दगड, आणि आधी गाळ अडवणारं चेंबर. चेंबरमधला गाळ अधूनमधून काढायलाच हवा. विहीर-बोअरपासून लांब राहावं, कारण बेसाल्टच्या फटींतून घाण पाणी दूरवर जातं.

नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे घेऊन उघडी गटारं संपवली आणि डासही हटवले.

जुन्या खड्ड्यात मात्र कुणीही उतरू नये. सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाक बधिर करतो. वास थांबला म्हणजे धोका टळला असं नव्हे. वरूनच मुरूम टाकून, थराथराने दुरमुसाने ठोकून तो बुजवावा.