रात्रपाळीतली झोप आणि ‘कर्तव्यात कसूर’ : शिस्तभंगाच्या कारवाईची पार्श्वभूमी

विदर्भातल्या ग्रामीण रुग्णालयांत रात्रपाळीवर झोप लागली म्हणून अधिपरिचारिकेला (स्टाफ नर्सला), कक्षसेवकाला किंवा वैद्यकीय अधिकाऱ्याला नोटीस मिळते, तेव्हा घटनांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. नातेवाइकाच्या मोबाइलमध्ये टिपलेली काही सेकंदांची चित्रफीत गावभर फिरते, सकाळी अधीक्षकांच्या टेबलावर तक्रार येते आणि दुपारपर्यंत ‘24 तासांत लेखी खुलासा सादर करावा’ अशी कारणे दाखवा नोटीस हातात पडते. या क्रमामागे दोन स्वतंत्र इतिहास आहेत. एक शिस्तीच्या नियमांचा, जे कचेरी आणि कारखाना डोळ्यांपुढे ठेवून बेतले गेले. दुसरा ग्रामीण रुग्णालयातल्या रात्रीच्या कामाचा, जे गेल्या वीस वर्षांत कितीतरी पटींनी वाढले. या दोहोंची सांगड कोणी घातली नाही, आणि आज ज्या नोटिसा निघतात त्यांतला बहुतेक गोंधळ तिथूनच येतो.

जुन्या काळाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. मध्य प्रांत व वऱ्हाडात 1930 चे नागरी सेवा नियम लागू होते, तेव्हा तालुक्याचा दवाखाना प्रामुख्याने दिवसाचा होता, आणि खेड्यातली बाळंतपणे घरीच, दाईच्या हातून होत. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला आणि 1962 पासून जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रांचे कर्मचारी जिल्हा परिषदेच्या 1964 च्या शिस्त व अपील नियमांखाली आले. ग्रामीण रुग्णालये मात्र थेट राज्य शासनाची, म्हणून तिथे महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 आणि त्याच वर्षीचे वर्तणूक नियम लागू झाले. परिणामी एकाच तालुक्यात, एकाच रस्त्यावरच्या दोन इमारतींमध्ये, त्याच डुलकीसाठी दोन वेगळी नियमपुस्तके उघडली जातात.

खरा बदल 2005 मध्ये सुरू झाला. त्या वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आणि जननी सुरक्षा योजना आल्या आणि बाळंतपण घरातून रुग्णालयात आले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात 2005-06 मध्ये सुमारे 65 टक्के प्रसूती संस्थांमध्ये होत होत्या. 2019-21 पर्यंत हे प्रमाण 95 टक्क्यांच्या घरात गेले. पुढे जून 2011 मध्ये जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आला, बाळंतिणीला किमान 48 तास ठेवून घेण्यावर भर आला, आणि 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका आडगावातल्या रुग्णालाही मध्यरात्री दारात आणून सोडू लागली. या प्रत्येक निर्णयाने जीव वाचले आहेत, त्याबद्दल दुमत नाही. पण यातल्या प्रत्येक निर्णयाचा भार प्रामुख्याने रात्री पडला, आणि रात्रीची पदे त्या मापाने वाढली नाहीत. भारतीय परिचर्या परिषदेचे माप सर्वसाधारण रुग्णालयासाठी 5 खाटांमागे एक परिचारिका असे आहे. 30 खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात मात्र रात्री एक अधिपरिचारिका आणि एक कक्षसेवक एवढ्यावरच रात्र काढली जाते, याचे तिथे कोणालाही नवल वाटत नाही.

रात्रीच्या कामाचे स्वरूपही समजून घ्यायला हवे, कारण ‘जागे राहणे’ हे इथे कामाआधीची अट नसून प्रत्यक्ष कामच आहे. पावसाळ्यात सर्पदंशाचा रुग्ण आला की काचेच्या कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन ती 20 मिनिटे न हलवता ठेवायची आणि मग तिरपी करून रक्त गोठले की नाही ते पाहायचे, ही चाचणी ठरावीक वेळांनी पुन्हा पुन्हा करावी लागते. कीटकनाशकाच्या फवारणीतून झालेल्या विषबाधेत ॲट्रोपिन या उताऱ्याची मात्रा काही मिनिटांच्या अंतराने द्यावी लागते आणि दर वेळी डोळ्याची बाहुली, नाडी व छातीतला आवाज पाहावा लागतो. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात अशा रुग्णांची रीघ लागली होती आणि वीसहून अधिक जण दगावले होते. कळा सुरू असलेल्या बाईच्या बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाने मोजून आलेखावर टिपायचे असतात. ही तिन्ही कामे एकाच रात्री, एकाच बाईच्या अंगावर येऊ शकतात. आणि पहाटे 3 ते 5 या वेळेत शरीराचे तापमान व सावधपणा दोन्ही तळाला जातात, हे शरीरशास्त्र आहे; त्यावर निष्ठेचा किंवा आळसाचा फारसा परिणाम होत नाही. म्हणूनच झोपेने रुग्णाला धोका होतो हे जितके खरे, तितकेच एकट्या माणसाला बारा तास जागे ठेवणे हाच मोठा धोका आहे, हेही खरे.

आता त्या शब्दाकडे, ज्याभोवती सगळी चौकशी फिरते. नोटिशीत ‘आपण कर्तव्यात कसूर केली’ असे असते, दोषारोपपत्रात त्याचे ‘गैरवर्तन’ होते, आणि चौकशी अहवालात कधी ‘निष्काळजीपणा’ तर कधी ‘कर्तव्यपरायणतेचा अभाव’ असे येते. बोलण्यात हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात, नियमांत चालत नाहीत. वर्तणूक नियमांच्या तिसऱ्या नियमात सचोटी आणि कर्तव्यपरायणता या दोन्हींची अपेक्षा आहे. पण एखादी गोष्ट चांगल्या कर्मचाऱ्याला न शोभणारी असणे वेगळे आणि ती शिक्षेस पात्र गैरवर्तन ठरणे वेगळे. या फरकावर 1979 मध्येच सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला. आसाममधल्या एका जिल्हाधिकाऱ्यावर, 1960 च्या दंगलीत त्याने परिणामकारक पावले उचलली नाहीत, नेतृत्व दाखवले नाही, असे आरोप ठेवून त्याला सेवेतून काढले होते. न्यायालयाने म्हटले की कार्यक्षमतेची उणीव, दूरदृष्टीचा अभाव किंवा एखादी चूक म्हणजे आपोआप गैरवर्तन नव्हे.

हाच निकाल दोन्ही बाजू वापरतात, आणि तसे करण्याची सोय त्या निकालातच आहे. एखाद्या चुकीचे किंवा दुर्लक्षाचे परिणाम भयंकर झाले तर ते गैरवर्तन ठरू शकते, अशी पुस्ती त्यात आहे, आणि त्यासाठी जी उदाहरणे पूर्वीच्या एका निकालातून घेतली आहेत त्यांत पहिले आहे पहाऱ्यावर झोपून शत्रूला आत येऊ देणाऱ्या शिपायाचे, आणि पुढे एक आहे स्नायूत द्यायचे इंजेक्शन शिरेत देऊन रुग्णाचा जीव घेणाऱ्या परिचारिकेचे. रुग्णालयाच्या प्रकरणात आरोप ठेवणाऱ्याला हा परिच्छेद आयताच मिळतो : झोप आहे, परिचारिका आहे, पहारा आहे. पण नीट वाचले तर दोन्ही उदाहरणांचे वजन परिणामावर आहे. शिपाई झोपला एवढ्याने उदाहरण पुरे होत नाही, शत्रू आत शिरावा लागतो. आणि परिचारिका तर तिथे झोपलेलीच नाही. ज्या प्रकरणात रुग्णाला काहीही झालेले नाही, तिथे हा परिच्छेद लावणे मला चुकीचे वाटते, आणि तो सर्रास लावला जातो.

दुसरा नेहमी पुढे केला जाणारा निकाल जानेवारी 2005 चा आहे. पुण्यातल्या एका मोठ्या कारखान्यातला कामगार 26 ऑगस्ट 1983 रोजी कामाच्या जागी लोखंडी पत्र्यावर गाढ झोपलेला आढळला, पुढे त्याला बडतर्फ केले गेले, आणि तब्बल 21 वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी कायम ठेवली. ‘झोपल्याबद्दल बडतर्फी योग्य’ एवढा सारांश लोकांच्या तोंडी राहिला. प्रत्यक्षात वेळ सकाळी 11.40 ची होती, म्हणजे भर दिवसाची. आणि अशा तऱ्हेने आढळण्याची ती त्याची चौथी खेप होती, आधीच्या तीन वेळा त्याला सौम्यपणे सोडले होते. रात्री दहा तास एकटीने वॉर्ड सांभाळलेल्या आणि सेवापुस्तकात एकही शेरा नसलेल्या परिचारिकेला हे माप लावताना या दोन गोष्टी वगळल्या जातात, हे निव्वळ अज्ञान म्हणून सोडून देता येत नाही.

शिक्षा किती, हा प्रश्न पुन्हा नेमणुकीच्या प्रकाराशी येऊन थांबतो. कायम कर्मचाऱ्याला ठपका किंवा वेतनवाढ रोखणे अशा किरकोळ शिक्षेसाठी 1979 च्या नियमांतला दहावा नियम, आणि बडतर्फीसारख्या जबर शिक्षेसाठी आठव्या नियमाखालची पूर्ण विभागीय चौकशी, असे संरक्षण आहे. शिवाय चौकशीविना बडतर्फ करू न देणारा संविधानाचा अनुच्छेद 311 पाठीशी आहे. आरोग्य अभियानातून अकरा महिन्यांच्या कंत्राटी आदेशावर आलेल्या परिचारिकेकडे यातले काहीच नसते. तिचा आदेश पुढे वाढवला नाही की काम भागते. कलंक लावून काढायचे असेल तर आधी चौकशी हवी, हे तत्त्व 1957 च्या एका निकालापासून रुळलेले आहे, पण सेवासमाप्तीच्या पत्रात कारणच लिहिले नाही तर ते तत्त्व न्यायालयापर्यंत नेण्याचा खर्च त्या बाईनेच करायचा. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021 च्या रात्री नवजात शिशू कक्षाला आग लागून 17 पैकी 10 बाळे गेली, तेव्हा हे भेद साऱ्या राज्याने पाहिले. तिथला आरोप झोपेचा नव्हता, देखरेखीचा होता, आणि प्रसंग इतका भीषण की त्यावर कारवाई व्हायलाच हवी होती. पण जी कारवाई झाली तिच्यात कायम सेवेतल्यांना निलंबन आणि कंत्राटी परिचारिकांना थेट सेवासमाप्ती मिळाली. त्या घटनेनंतर रात्रीच्या अचानक भेटी वाढल्या, आणि झोपलेले कर्मचारी ‘आढळू’ लागले.

विश्रांतीचा प्रश्न त्या मानाने फार उशिरा चर्चेत आला. निवासी डॉक्टरांसाठी केंद्राच्या 1992 च्या योजनेत दिवसाला 12 आणि आठवड्याला 48 तासांचे माप सांगितले गेले, परिचारिकेसाठी आणि कक्षसेवकासाठी त्या तोलाचे काही आले नाही. रात्रकामाबद्दलचा 1990 चा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार भारताने स्वीकारलेला नाही. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, रात्रीच्या कामात थोडा वेळ टेकायला सभाकक्षात गेलेल्या तरुण डॉक्टरवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या सुरक्षेसाठी राष्ट्रीय कृती दल नेमले. तेव्हा कुठे ‘ड्युटी रूम’ हा शब्द शासकीय कागदांवर ठळकपणे आला. आमच्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांत ड्युटी रूम नावाची खोली बहुतेक वेळा नकाशात असते. प्रत्यक्षात तिथे सलाइनची खोकी, मोडकी स्ट्रेचर आणि जुन्या केसपेपरांचे गठ्ठे असतात. पाठ टेकायची तर वॉर्डातल्याच खुर्चीत, सर्वांच्या डोळ्यांदेखत.

माझ्या पाहण्यात आलेले एक दोषारोपपत्र याच खुर्चीबद्दल होते. जोडपत्र एकमध्ये, म्हणजे आरोपाच्या कागदात, एकच वाक्य : अधिपरिचारिका पहाटे 3.40 वाजता टेबलावर डोके टेकवून झोपलेल्या अवस्थेत आढळल्या. जोडपत्र तीनमध्ये, म्हणजे पुराव्याच्या यादीत, कागदपत्र म्हणून चित्रफितीची प्रत आणि तक्रारदाराचा जबाब. त्याच रात्रीच्या रिपोर्ट बुकात मात्र तिच्या हातची 3.15 ची नोंद होती, प्रसूतिकक्षातल्या बाळाचे ठोके 142; आणि पुढची नोंद 3.45 ची, ठोके 138. मधली अर्ध्या तासाची जागा नियमाप्रमाणेच कोरी होती. ड्युटी तक्त्यात त्या रात्री दुसऱ्या परिचारिकेच्या नावापुढे ‘रजा’ आणि बदली कर्मचाऱ्याच्या रकान्यात आडवी रेघ होती; शिवाय आदल्या दिवशी तिचीच दुपारपाळी लावलेली होती. यातला एकही कागद जोडपत्र तीनमध्ये नव्हता. चौकशीत तिची बाजू मांडणाऱ्या बचाव सहायकाने लेखी अर्ज देऊन रिपोर्ट बुक आणि ड्युटी तक्ता दाखल करून घेण्याची मागणी केली, दोन तारखा वाया गेल्या, तिसऱ्या तारखेला चौकशी अधिकाऱ्याने दोन्ही कागद अभिलेखावर घेतले. चौकशी जबर शिक्षेसाठी सुरू झाली होती. ती एक वेतनवाढ एका वर्षासाठी, पुढील वेतनवाढींवर परिणाम न करता, रोखण्यावर संपली. त्या रुग्णालयाच्या रात्रीच्या ड्युटी तक्त्यातली बदली कर्मचाऱ्याच्या रकान्यातली रेघ पुढच्या महिन्यातही तशीच होती.