किटलीचे झाकण आणि खाणीतले पाणी

लहानग्या जेम्स वॉटने चुलीवरच्या किटलीचे झाकण वाफेने उडताना पाहिले आणि त्याला वाफेच्या इंजिनाची कल्पना सुचली, ही गोष्ट ऐकलेली नाही असा मराठी वाचक विरळाच. प्रेरणादायी व्याख्यानांमध्ये ती आजही हमखास येते. तिच्यातली पहिली अडचण सनावळीची आहे. वॉटचा जन्म १७३६ सालचा, आणि त्याच्या २४ वर्षे आधी, १७१२ मध्ये, इंग्लंडमधील डडली किल्ल्याजवळच्या एका कोळशाच्या खाणीवर टॉमस न्यूकमेन याचे वाफेचे इंजिन पाणी उपसू लागले होते. दुसरी अडचण अधिक महत्त्वाची आहे. त्या इंजिनात वाफ कशालाही ढकलत नव्हती. वाफ नाहीशी झाली की इंजिन काम करत असे. गंमत म्हणजे वॉटच्या एका नातेवाईक बाईने १७९८ साली सांगितलेल्या मूळ आठवणीतला छोटा जेम्स झाकण उडण्याकडे पाहत बसलेला नाही. तो वाफेवर कधी कप तर कधी चांदीचा चमचा धरून त्यावर जमणारे थेंब न्याहाळत आहे आणि वेळ फुकट घालवल्याबद्दल बोलणी खात आहे. ही आठवण कितपत विश्वसनीय मानावी हा प्रश्न वेगळा. परंतु तिच्यातले विज्ञान प्रचलित गोष्टीपेक्षा कितीतरी अचूक आहे.

न्यूकमेन हा डेव्हन परगण्यातील डार्टमथचा, लोखंडी अवजारे तयार करून विकणारा माणूस. त्याच्या इंजिनाची रचना समजून घेण्यासाठी एक जाडजूड लाकडी तुळई मध्यावर टेकवून ठेवली आहे अशी कल्पना करावी. तिच्या एका टोकाला खाणीत खोलवर जाणारे पंपाचे वजनदार दांडे लटकत असत, तर दुसऱ्या टोकाला साखळीने बांधलेला दट्ट्या वरून उघड्या असलेल्या उभ्या सिलिंडरात बसवलेला असे. दांड्यांच्या वजनाने तुळईचे ते टोक खाली जाई आणि दुसऱ्या टोकाचा दट्ट्या आपोआप वर येई. दट्ट्या वर येत असताना त्याच्याखालच्या जागेत बॉयलरमधली वाफ येऊन भरत असे, आणि तिचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा जेमतेमच जास्त असे. सिलिंडर भरला की वाफेची झडप बंद करून आत थंड पाण्याचा फवारा सोडत. वाफेचे पाणी होई, आणि एक लिटर पाण्याची सामान्य दाबाला सुमारे १,६७० लिटर वाफ होत असल्यामुळे, या उलट्या प्रवासात सिलिंडर जवळजवळ रिकामा होई. दट्ट्याच्या खाली पोकळी आणि वर सगळे वातावरण, अशी स्थिती आली की हवेचा दाब दट्ट्याला खाली रेटी आणि तुळईच्या दुसऱ्या टोकाचे दांडे पाण्यासकट वर उचलले जात.

वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोग्रॅम वजनाइतका असतो, हे आपण शाळेत शिकतो. पण या आकड्याचा अर्थ सहसा अंगात भिनत नाही. डडलीच्या सिलिंडराचा व्यास २१ इंच, म्हणजे सुमारे ५३ सेंटिमीटर होता. दट्ट्याचे क्षेत्रफळ यावरून सव्वादोन हजार चौरस सेंटिमीटरच्या आसपास येते. पोकळी परिपूर्ण असती, तर हवेने त्या दट्ट्यावर सव्वादोन टनांहून अधिक भार टाकला असता. प्रत्यक्षात अशा इंजिनांत त्याच्या निम्म्याच्या आसपास भार उपयोगी पडे. तरीही ते इंजिन मिनिटाला १२ वेळा चाले आणि प्रत्येक वेळी १० गॅलन, म्हणजे सुमारे ४५ लिटर पाणी १५३ फूट खोलीवरून वर आणी. हिशेब केला तर ही शक्ती साडेपाच अश्वशक्तीच्या घरात जाते. आज शेतातल्या विहिरीवरचा एखादा पंप एवढे काम करतो; १७१२ मध्ये मात्र त्यासाठी घोड्यांचा तांडा पाळून त्याला रात्रंदिवस वैरण घालावी लागत होती.

हवेला वजन असते ही कल्पना न्यूकमेनच्या काळी जेमतेम ७० वर्षांची होती. टॉरिचेलीने १६४३ मध्ये पाऱ्याच्या नळीचा प्रयोग केला. पुढे ओटो फॉन गेरिके याने दोन धातूचे अर्धगोल एकमेकांना लावून त्यांतली हवा काढून घेतली आणि घोड्यांच्या जोड्यांनाही ते विलग करता येत नाहीत हे दाखवले. डेनी पापँ याने १६९० मध्ये सिलिंडरात थोडे पाणी उकळवून आणि थंड करून दट्ट्या खाली आणण्याचा छोटा प्रयोग केला होता. टॉमस सेव्हरी याने १६९८ मध्ये ‘आगीच्या साहाय्याने पाणी वर चढवण्या’चे पेटंट घेतले, आणि ते इतके सर्वव्यापी होते की न्यूकमेनला आपले अगदी निराळे यंत्र त्याच छत्राखाली चालवावे लागले. या मालिकेत कोणाच्याही डोक्यात एकाएकी वीज चमकलेली नाही. आपल्याकडे अशा विषयावर बोलणे निघाले की ‘हे सारे आमच्या पोथ्यांत आधीच होते’ असे सांगणारे भेटतातच. त्यांना विचारावयाचे ते एवढेच: सिलिंडराचा व्यास किती, मिनिटाला किती फेरे, आणि किती कोळशात किती पाणी वर आले? अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने इसवी सनाच्या पहिल्या शतकात वाफेने फिरणारा गोळा खरोखरच वर्णन करून ठेवला आहे. पण त्याने कोणतीही खाण कोरडी केली नाही. ‘पाण्यावर चालणाऱ्या गाडी’च्या बातम्या अधूनमधून झळकतात, त्याही याच पठडीतल्या. वाफेच्या इंजिनातसुद्धा इंधन कोळसाच असतो. पाणी केवळ उष्णता वाहून नेते.

आता त्या कोळशाच्या हिशेबाकडे वळू. न्यूकमेनचे इंजिन कमालीचे खादाड होते. कोळशात असलेल्या ऊर्जेपैकी शेकडा एक भागसुद्धा पाणी उचलण्यात लागत नसे. हे यंत्र विजेच्या लखलखाटात जन्मलेले मोठे यश नव्हते, तर एका विशिष्ट जागीच परवडणारे एक सुमार यंत्र होते, आणि औद्योगिकीकरणाचा उगम समजून घेताना हीच गोष्ट सर्वांत जास्त निसटते असे मला वाटते. खाणीच्या तोंडाशी कोळशाचा चुरा पडलेला असे. त्याला गिऱ्हाईक नव्हते आणि तो वाहून नेण्याचा खर्च त्याच्या किमतीपेक्षा जास्त होता. हाच चुरा इंजिनाच्या भट्टीत जाई. ब्रिटनमध्ये वरवरचे थर संपून खाणी खोल जात होत्या, त्यांत पाणी भरत होते, घोडे आणि मजूर महाग पडत होते आणि इंधन मात्र जवळजवळ फुकट होते. जिथे कोळसा दुरून आणावा लागतो आणि मजुरी स्वस्त आहे अशा मुलखात हे इंजिन कोणी फुकट दिले असते तरी ते चालवणे आतबट्ट्याचेच ठरले असते.

जेम्स वॉट हा ग्लासगो विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणारा कारागीर होता. १७६३-६४ च्या हिवाळ्यात त्याच्याकडे न्यूकमेन इंजिनाची एक छोटी प्रतिकृती दुरुस्तीला आली. ती दुरुस्त होऊनही काही फेरे चालून थांबे. बॉयलर पुरेसा मोठा दिसत असूनही वाफ पुरत नसे. एखादी वस्तू लहान केली की तिचे आकारमान जितक्या पटीने घटते तितके तिचे पृष्ठफळ घटत नाही, म्हणून छोट्या सिलिंडराच्या भिंती त्यातल्या वाफेच्या मानाने जास्त उष्णता खातात. एवढ्यावर दुसरा कारागीर थांबला असता. वॉटने मोजमापे सुरू केली, आणि एका फेऱ्याला सिलिंडराच्या आकारमानाच्या कितीतरी पट वाफ खर्च होते असे त्याला आढळले.

त्याचबरोबर आणखी एक गोष्ट त्याच्या लक्षात आली, जिने तो चक्रावून गेला. वाफ विहिरीच्या थंड पाण्यात सोडली, तर ती आपल्या वजनाच्या सुमारे सहापट पाणी उकळीपर्यंत तापवते. उकळते पाणी आणि त्याची वाफ या दोन्हींचे तापमान १०० अंशच, मग एवढी उष्णता आली कोठून? त्याच विद्यापीठातले जोसेफ ब्लॅक यांनी काही वर्षांपूर्वीच याचे उत्तर शोधले होते, आणि तेच आपल्या पाठ्यपुस्तकात ‘बाष्पनाचा अप्रकट उष्मा’ म्हणून येते. एक ग्रॅम पाण्याची १०० अंशांवर वाफ करण्यास सुमारे ५४० कॅलरी लागतात. विहिरीचे पाणी १० अंशांचे धरले तर त्याचा एक ग्रॅम उकळीला आणण्यास ९० कॅलरी पुरतात. ५४० ला ९० ने भागले की वॉटचे सहा मिळतात. साध्या तापमापक आणि तराजूवर काढलेला आकडा इतका चोख जुळावा, याचे मला दर वेळी कौतुक वाटते.

या सहाच्या आकड्यात खरी कोंडी दडलेली आहे. वाफेचे पाणी करायचे तर बरेच थंड पाणी आत सोडले पाहिजे, आणि जे पाणी आत उरेल ते पुरेसे थंडही असले पाहिजे, कारण कोमट पाण्यावरही वाफेचा दाब असतोच. हे पाणी ८० अंशांवर राहिले, तर सिलिंडरात वातावरणाच्या जवळजवळ निम्मा दाब शिल्लक उरतो. ६० अंशांवर आणले तर पाचवा हिस्सा. आणि ४० अंशांवर नेले तर जेमतेम तेरावा-चौदावा हिस्सा. म्हणजे चांगली पोकळी हवी असेल, तर सिलिंडर गार केला पाहिजे. पण सिलिंडर गार केला, की पुढच्या फेऱ्यात आत येणारी ताजी वाफ त्याच्या भिंती पुन्हा तापवण्यातच पाणी होऊन जाते, आणि ती एका ग्रॅममागे ५४० कॅलरी त्या लोखंडाला देऊन टाकते. प्रत्येक भाकरी झाल्यावर तवा पाण्यात बुचकळून काढायचा आणि पुढच्या भाकरीसाठी तो नव्याने तापवायचा, असा हा कारभार होता.

१७६५ मध्ये एका रविवारी ग्लासगो ग्रीन या मैदानात फिरताना आपल्याला उत्तर सापडले, असे वॉटने पुढे उतारवयात सांगितले. वाफ हा प्रसरणशील पदार्थ आहे. जिथे पोकळी असेल तिथे ती धावत जाईल. मग ती सिलिंडरातच थंड कशाला करायची? शेजारी एक वेगळे पात्र, म्हणजे कंडेन्सर, ठेवावे, ते सतत थंड पाण्यात बुडालेले असावे, त्यातली हवा आणि पाणी एका छोट्या पंपाने काढत राहावे, आणि झडप उघडताच सिलिंडरातील वाफ त्यात जाऊन तिथे तिचे पाणी व्हावे. सिलिंडर कायम उकळत्या पाण्याइतका गरम, कंडेन्सर कायम गार. इतके झाल्यावर दट्ट्यावर हवाबंदीसाठी ओतले जाणारे पाणी आणि वरून येणारी थंड हवासुद्धा नकोशी झाली. म्हणून वॉटने सिलिंडराचे वरचे तोंड झाकले आणि हवेऐवजी वाफेकडूनच दट्ट्या खाली रेटवला. किटलीच्या गोष्टीतली ढकलणारी वाफ आली ती अशी आडवाटेने.

ज्यांना आकडेमोडीचा कंटाळा नाही त्यांच्यासाठी एक हिशेब. एक लिटर पाण्याच्या वाफेने मोकळी केलेली १.६७ घनमीटर जागा वातावरणाने भरून काढली, तर १६९ किलोज्यूल काम होते. आणि ती वाफ १० अंशांच्या पाण्यापासून तयार करण्यास सुमारे २,६३० किलोज्यूल उष्णता लागते. गुणोत्तर शेकडा साडेसहाच्या आत आले. म्हणजे जराही गळती नाही आणि पोकळी संपूर्ण आहे असे आदर्श इंजिन घेतले, तरी या पद्धतीची कमाल मर्यादा इतकीच. वॉटने ही मर्यादा मोडली नाही. न्यूकमेनच्या इंजिनात तिच्यापर्यंत पोहोचण्याआधीच जे वाया जात होते, ते वाचवले. मर्यादेच्या पलीकडे जाण्यासाठी जास्त दाबाची, पसरत जाणारी वाफ लागते, आणि जास्त दाबाच्या बॉयलरला वॉट आयुष्यभर भीत राहिला.

कल्पना सुचली आणि १७६९ मध्ये पेटंट मिळाले तरी इंजिन विकाऊ व्हायला १७७६ साल उजाडले, कारण पाण्याचा थर नसलेला दट्ट्या वाफ गळू न देता बसेल इतका गोल सिलिंडर कोणालाच करता येत नव्हता. तो केला जॉन विल्किन्सन या लोखंडाच्या कारखानदाराने, आणि तोही तोफांच्या नळ्या कोरण्यासाठी तयार केलेल्या युक्तीच्या जोरावर. ५० इंच व्यासाच्या त्याच्या सिलिंडरात एका जुन्या शिलिंगच्या जाडीइतकाही फरक सापडत नाही, अशी ग्वाही वॉटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने दिली आहे. बोल्टन आणि वॉट इंजिनाचा मोबदला घेत तो वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा तिसरा हिस्सा. म्हणून त्यांचे चांगले गिऱ्हाईक ठरले कॉर्नवॉलच्या तांब्याच्या आणि कथलाच्या खाणी, जिथे कोळसा वेल्समधून जहाजाने येई. कोळशाच्या खाणींवर मात्र वॉटचे इंजिन बाजारात आल्यानंतरही न्यूकमेनच्या धाटणीची इंजिने बसवली जात राहिली. चुरा फुकट असताना तो वाचवण्यासाठी पैसे कोण देणार?

कापडाच्या गिरण्यांचा पहिला बहर तर वाफेवर आलाच नाही. रिचर्ड आर्कराइट या इंग्रज कारखानदाराची क्रॉमफर्डची सूतगिरणी १७७१ मध्ये पाण्याच्या चाकावर सुरू झाली आणि सूतगिरणीत वाफेचे इंजिन शिरले ते १७८५ मध्ये. मुंबईत ताडदेवला कावसजी दावर यांची गिरणी १८५० च्या दशकात उभी राहिली तेव्हा वाफ हीच गिरणीची स्वाभाविक शक्ती झालेली होती, ते वॉटच्या कंडेन्सरमुळे आणि त्याच्या पुढच्या पिढीने जास्त दाबाच्या वाफेबाबत दाखवलेल्या धिटाईमुळे.

तो कंडेन्सर आजही निवृत्त झालेला नाही. कोराडी, चंद्रपूर, भुसावळ किंवा परळी येथील औष्णिक केंद्रांत टर्बाइनमधून बाहेर पडणारी वाफ एका प्रचंड कंडेन्सरमध्ये जाते, आणि तिथला दाब वातावरणाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास राखला जातो. शीतक मनोऱ्यांतून निघणारे पांढरे लोट अनेकांना धूर वाटतात. तो धूर नसून कंडेन्सर गार ठेवणाऱ्या पाण्याच्या बाष्पाचे बारीक थेंब असतात, आणि अशा केंद्रात खर्ची पडणाऱ्या पाण्याचा सर्वांत मोठा वाटा तिथेच जातो. मराठवाड्यातील दुष्काळात २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले. कारण होते पाण्याची टंचाई, आणि त्या पाण्यातले बहुतेक पाणी वाफ करण्यासाठी नव्हे, तर तयार झालेली वाफ पुन्हा पाण्यात उतरवण्यासाठी हवे होते.