बटण दाबलं तरी भट्टी तापतेच

राजापूरहून माडबनकडे जाताना वाटेतल्या एका टपरीवर माडबनला होऊ घातलेल्या जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाचा विषय निघाला. "फुटली तर बॉम्बसारखी फुटेल," एकजण म्हणाला. "बटण दाबलं की बंद होते, भ्यायचं कशाला?" दुसऱ्याने उडवून लावलं. चहा गाळता गाळता टपरीवाल्या काकींनी विचारलं, "बंद होते, तर मग नंतर पाणी कशाला लागतं तिला?"

पहिल्याचं म्हणणं चूक आहे. बॉम्बला साधारण ९० टक्के युरेनियम-२३५, म्हणजे युरेनियमचा सहज दुभंगणारा प्रकार, लागतो, वीज बनवणाऱ्या भट्टीच्या इंधनात तो जेमतेम ५ टक्क्यांपर्यंत असतो. तसा स्फोट तिथे होऊच शकत नाही. दुसऱ्याचं म्हणणं अर्धंच खरं आहे. काकींचा प्रश्न मात्र नेमका मर्मावर आहे.

११ मार्च २०११ला जपानमध्ये भूकंप झाला, तेव्हा फुकुशिमा दाइइचीतल्या चालू असलेल्या तिन्ही अणुभट्ट्या काही सेकंदांत आपोआप बंद झाल्या. न्यूट्रॉन शोषून घेणाऱ्या नियंत्रक कांड्या आत गेल्या, एका केंद्रकामुळे पुढचं केंद्रक दुभंगण्याची साखळी अभिक्रिया थांबली. बटणाने आपलं काम चोख केलं होतं. तरीही पुढच्या काही दिवसांत तिन्ही भट्ट्यांतलं इंधन वितळलं.

असं का झालं, हे समजायला इंधनाच्या आत शिरावं लागतं. युरेनियमचं केंद्रक दुभंगलं की त्याचे दोन तुकडे होतात, आणि त्या तुकड्यांना मूळ केंद्रकाकडून गरजेपेक्षा जास्त न्यूट्रॉन मिळालेले असतात. ते अस्थिर असतात. स्थिर होण्यासाठी ते बीटा कण आणि गॅमा किरण टाकत एकेक पायरी उतरतात. उदाहरणार्थ टेल्युरियम-१३५चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू बदलून जायला लागणारा वेळ, १९ सेकंद. त्यापासून बनतं आयोडीन-१३५, त्याचं अर्धायुष्य साडेसहा तास. त्यापासून झेनॉन-१३५, ९ तास. मग सीझियम-१३५, दहा लाख वर्षांहून जास्त. अशा शेकडो शिड्या इंधनात एकाच वेळी उतरल्या जात असतात आणि प्रत्येक पायरीला थोडी उष्णता बाहेर पडते. नियंत्रक कांड्या नवीन विखंडन थांबवतात. आधीच झालेल्या तुकड्यांवर त्यांचा काही इलाज चालत नाही. कुणाचाच चालत नाही.

चुलीतली लाकडं मागे ओढली तरी निखारे धगधगत राहतात, तसं हे आहे, पण एका बाबतीत वेगळं. निखाऱ्यावर पाणी ओतलं की तो विझतो. इथे पाणी फक्त उष्णता वाहून नेतं, विझवत काहीच नाही.

मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते या उष्णतेच्या उतरणीचं गणित. एकाच प्रकारचा अणू असता तर ठरावीक वेळाने उष्णता निम्मी, पुन्हा तेवढ्याच वेळाने पाव झाली असती. इथे सेकंदांपासून लाखो वर्षांपर्यंतची अर्धायुष्यं एकत्र मिसळलेली. त्यांची बेरीज सुरुवातीच्या काही दिवसांत ढोबळमानाने काळाच्या उणे एक-पंचमांश घाताप्रमाणे उतरते. म्हणजे उष्णता निम्मी व्हायला भट्टी बंद केल्यापासूनचा वेळ ३२ पट व्हावा लागतो! बंद करताक्षणी पूर्ण उष्णतेच्या सुमारे ६ ते ७ टक्के, तासाभराने साधारण सव्वा ते दीड टक्का, आणि दिवसभरानंतरही जवळजवळ अर्धा टक्का. आधी झपाट्याने उतरते आणि मग रेंगाळते.

अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. जैतापूरसाठी १७३० मेगावॅटच्या सहा ईपीआर, म्हणजे फ्रेंच बनावटीच्या, अणुभट्ट्या योजल्या आहेत. १७३० मेगावॅट ही वीज झाली, आतली उष्णता सुमारे ४६०० मेगावॅट. तिचा अर्धा टक्का म्हणजे २३ मेगावॅट. ती नुसत्या पाण्याची वाफ करून काढायची म्हटली, तर सेकंदाला साधारण ९ लिटर पाणी लागेल. दहा हजार लिटरचा टँकर १८-१९ मिनिटांत रिकामा, आणि हे बंद केल्याच्या दुसऱ्या दिवशी, एका भट्टीसाठी. मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला हा आकडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

फुकुशिमात हेच पाणी थांबलं. भूकंपाने बाहेरची वीज गेली, सुमारे ५० मिनिटांनी आलेल्या त्सुनामीने डिझेल जनित्रं बुडवली, पंप बंद पडले. इंधन ज्यांत भरलेलं असतं त्या झिर्कोनियम धातूच्या तापलेल्या नळ्यांची वाफेशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन तयार झाला, आणि दूरचित्रवाणीवर सगळ्यांनी पाहिलेले स्फोट त्या हायड्रोजनचे होते.

ईपीआरमध्ये यावर बराच विचार केलेला आहे: एकमेकांपासून वेगळ्या ठेवलेल्या चार सुरक्षा-यंत्रणा, दुहेरी काँक्रीटचं कवच, वितळलेलं इंधन पसरवून थंड करणारी खालची जागा. माडबनचा सडाही समुद्रापेक्षा बराच उंच आहे. पण "शंभर टक्के सुरक्षित" हे जाहिरातीचं वाक्य आहे, अभियंत्याचं नाही. सगळीकडची वीज गेली तर किती तास निभावेल, गोडं पाणी किती साठवलेलं असेल, घाटरस्ता दरडीने बंद असताना डिझेल कुठून येणार, याची उत्तरं आकड्यांत मिळायला हवीत. एप्रिल २०११मध्ये साखरी नाटे इथे प्रकल्पविरोधी आंदोलनावर झालेल्या पोलिसांच्या गोळीबारात एका मच्छीमाराचा जीव गेला. असे प्रश्न विचारणाऱ्यांना अडाणी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

भीतीच्या बाजारात भलतीसलती औषधंही विकली जातात. शेणाने सारवलेल्या घरात किरणोत्सार शिरत नाही, हा त्यातलाच एक दावा. सीझियम-१३७चे गॅमा किरण निम्मे करायलाच साधारण ५ सेंटीमीटर काँक्रीट लागतं. सारवणाचा थर काही मिलिमीटरचा असतो.

कचऱ्याची गोष्ट म्हणजे याच उष्णतेचा उत्तरार्ध. बाहेर काढलेलं इंधन तापतच राहतं, म्हणून ते आधी काही वर्षं भट्टीशेजारच्या तलावात ठेवावं लागतं. आपल्या देशात पुढे त्यावर पुनर्प्रक्रिया होते, म्हणजे पुन्हा वापरता येणारं युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळं काढतात, आणि उरलेलं जहाल द्रावण बोरोसिलिकेट काचेत मुरवून पोलादी डब्यांत बंद करतात. तारापूरला हे काम होतं. तिथल्या साठवणघरात डबे थंड ठेवायला पंप लागत नाही. तापलेली हवा उंच धुराड्यातून वर जाते आणि खालून गार हवा आत ओढली जाते. वीज गेली तरी हे चालू राहतं, म्हणून ही रचना मला फार आवडते.

त्या काचेतल्या सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० यांची अर्धायुष्यं ३० वर्षांच्या आसपास. ती हजारांश उरायला ३०० वर्षं लागतात. तीनशे वर्षांपूर्वी थोरले बाजीराव पेशवे होते. प्लुटोनियमचे अंश राहिलेच, तर त्यांचा हिशेब हजारो वर्षांचा, आणि असा कचरा कायमचा पुरायला खोल भूगर्भातली जागा भारतात अजून बांधलेली नाही. म्हणून जनसुनावणीत माझ्या मते आधी हे विचारावं: वापरलेलं इंधन माडबनच्या तलावात किती वर्षं राहणार, आणि तिथून ते कोणत्या रस्त्याने कुठे जाणार?