हवाई दलात पायलट व्हायचंय? अकरावीचा अर्ज भरतानाच ठरवा

‘पोऱ्याले पायलट करानं शे, कितला पैसा लागी?’ अमळनेर-पारोळ्याकडच्या पालकांचा पहिला प्रश्न हाच असतो. धुळ्याला गोंदूरच्या धावपट्टीवरून शिकाऊ विमानं उडताना पाहिलेली असतात, म्हणून लाखोंची फी डोळ्यांपुढे येते. पण ती वाट नागरी पायलटची. हवाई दलाला आधीचं लायसन्स लागत नाही. उडवायला ते स्वतः शिकवतं आणि तो खर्च सरकारचा असतो.

खरी अडचण पैशाची नाही, विषयांची आहे. अकरावीत गणित सोडून जीवशास्त्र घेतलं की एनडीएतून, म्हणजे बारावीनंतरच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, हवाई दलाचं दार बंद होतं, कारण बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित तिन्ही लागतात. हुशार पोरं इथेच अडकतात, याचं फार वाईट वाटतं.

एनडीएची परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. मुलगा वा मुलगी अविवाहित हवी, वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. नेमक्या जन्मतारखा जाहिरातीत असतात. बारावीला बसलेल्यांनाही अर्ज करता येतो. शुल्क 100 रुपये. मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींना माफ. गणित 300 गुण, सामान्य क्षमता 600, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा. पेपर मराठीत नसतो, हिंदी-इंग्रजीत असतो. त्याची सवय दहावीपासूनच लावा. दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेत मुलांना दोन वर्षं याचीच तयारी करून घेतात. जळगावहून अजिंठ्याचा घाट चढून तिथे जाता येतं.

पदवीधरांसाठी यूपीएससीची सीडीएस आणि हवाई दलाची स्वतःची एएफकॅट या परीक्षा आहेत, वय 20 ते 24. एएफकॅटला बारावीच्या गणितात आणि भौतिकशास्त्रात प्रत्येकी 50 टक्के लागतात. एनसीसी एअर विंगचं ‘सी’ प्रमाणपत्र असेल तर त्याची वेगळी भरती असते.

कागदपत्रांत सगळ्यात महत्त्वाचं दहावीचं प्रमाणपत्र, कारण जन्मतारीख त्यावरचीच धरतात. ते आणि आधार कार्ड शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहा. एकावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी. वडिलांच्या नावात कुठे ‘राव’ आहे, कुठे नाही. आधार दुरुस्ती अर्जाआधीच उरका. बारावीची गुणपत्रिका, फोटो, सही आणि लागू असल्यास जातीचा दाखला तयार ठेवा. परीक्षा केंद्र आधी येणाऱ्याला आधी मिळतं, तेव्हा शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका.

लेखी पास झाल्यावर पाच दिवसांची एसएसबी (सेवा निवड मंडळाची) मुलाखत, तीही 900 गुणांची. पायलटसाठी संगणकावर सीपीएसएस ही वेगळी चाचणी होते. ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर उड्डाण शाखा कायमची संपली; म्हणून झोप पूर्ण करून, शांत डोक्याने बसा.

वैद्यकीय तपासणीतलं एक माप घरीच घेऊन पाहा. जमिनीवर पाय पसरून पाठ भिंतीला टेकवा. भिंतीपासून टाचेपर्यंत 99 ते 120 सेंटिमीटर भरायला हवं. उंची किमान 162.5. रंग ओळखण्यात दोष नको, लांबचं दिसायला चष्मा नको. डोळे आधीच तपासून घ्या.

एसएसबीचं बोलावणं वाराणसीचं आलं तर भुसावळहून थेट गाडी मिळते. त्या प्रकारच्या भरतीत पहिल्यांदाच जात असाल तर रेल्वेभाडं परत मिळतं. तिकीट जपून ठेवा.